सगळं जोडून देणारं एकच सॉफ्टवेअर घेऊ का?

प्रिय ताई,
मी कृषी विद्यापीठात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय हरभऱ्यावरचा मर रोग. मर लागणारा जेजी ६२ आणि मरला दाद न देणारा डब्ल्यूआर ३१५ असे दोन वाण घेतले. बुरशी दिल्यावर ०, ४ आणि ८ दिवसांनी मुळं काढली, प्रत्येकी तीन रेप्लिकेशन (पुनरावृत्त्या), म्हणजे अठरा सॅम्पल आरएनए सीक्वेन्सिंगला (कुठली जनुकं किती चालू आहेत ते मोजायला) गेले. मुळांतल्या रसायनांचं मास स्पेक्ट्रोमेट्रीचं काम दुसऱ्या संस्थेत झालं. मुळं पुरली नाहीत म्हणून त्यासाठी कुंड्यांची वेगळी लॉट लावली होती. सिक प्लॉटमधल्या (मुद्दाम रोगट ठेवलेल्या शेतातल्या) चाळीस वाणांच्या दोन हंगामांच्या नोंदी गाइडच्या एक्सेलमध्ये आहेत. शिवाय याच दोन वाणांचा दुसऱ्या एका गटाचा डेटा एसआरए या खुल्या डेटा-साठ्यावरून उतरवून घेतलाय. आता हे सगळं इंटिग्रेट करायचंय. गाइड म्हणतात, मार्चअखेर ग्रँट संपवायची आहे, सगळं जोडून देणारं चांगलं सॉफ्टवेअर बघ, घेऊन टाकू. सीनियर म्हणतो, पायथन शीक. मला आर ही संगणकी भाषा थोडीफार येते, गॅलेक्सी या ऑनलाइन साधनावर हात मारून पाहिलाय. चार फाइलींत जनुकांची नावं चार तऱ्हेची आहेत. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, मराठवाडा

प्रिय मैत्रिणी,

सॉफ्टवेअर घेऊ नकोस. निदान या मार्चमध्ये तरी नको. गाइडना राग येणार नाही अशा बेताने त्यांना काय सांगायचं ते शेवटी लिहिते.

महागातलं महाग पॅकेजसुद्धा एकच काम करतं. एका तक्त्यातलं नाव दुसऱ्या तक्त्यातल्या त्याच नावाशी जुळवतं आणि त्यावर पुढची गणितं करतं. ती दोन नावं खरोखर एकाच गोष्टीची आहेत का, हे त्याला कळत नाही. ते फक्त तुला माहीत आहे, आणि तुझ्या पत्रावरून मला शंका आहे की तूही ते अजून नीट मांडलेलं नाहीस. कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस: रसायनांसाठी कुंड्यांची वेगळी लॉट लावली होती.

याचा अर्थ नीट बघ. आरएनए काढलेलं रोप वेगळं, रसायनं मोजलेलं रोप वेगळं. तुझ्या आरएनएच्या ‘जेजी ६२, चौथा दिवस, रेप्लिकेशन २’चा आणि रसायनांच्या त्याच नावाच्या सॅम्पलचा संबंध एवढाच, की दोघांना आपण २ नंबर दिला. तो नंबर कुठल्याही कुंडीला पडला असता. तेव्हा अठरा सॅम्पल एकास एक लावून कोरिलेशन (दोन आकडे बरोबरीने किती वर-खाली होतात ते) काढता येणार नाही. हे दोन डेटा भेटतात ते फक्त वाण आणि दिवस या पातळीवर: दोन वाण, तीन दिवस, म्हणजे सहा ठिकाणी. गाइडच्या सिक प्लॉटच्या नोंदी तर त्याहून दूर आहेत. तिथे दिवस हा प्रकारच नाही, चाळीसपैकी तुझ्या कामाचे वाण दोनच. म्हणजे हा तिसरा डेटा तुझ्या जनुकांना दोनच बिंदूंवर शिवतो, आणि दोन बिंदूंतून तर कुठलीही रेघ जाते.

सहा बिंदूंवर काय होतं तेही बघू. कोरिलेशन ०.९ च्या वर (धन किंवा ऋण) आलं की आपण हुरळतो. सहाच बिंदू असताना, दोन गोष्टींचा काडीचा संबंध नसला तरी, असा आकडा शंभरातून सुमारे दीड वेळा येतो. हरभऱ्याच्या काबुली जीनोममध्ये, म्हणजे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीडीसी फ्रंटियर या वाणाच्या जीनोममध्ये, २८,२६९ जनुकं नोंदवली गेली. तेव्हा एकेका रसायनामागे चारशेच्या आसपास जनुकं निव्वळ योगायोगाने ०.९ पार करणार. अशी दोनशे रसायनं घेऊन नेटवर्क काढलंस, तर सायटोस्केपवर मोठं देखणं चित्र येईल, आणि त्यातलं खरं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एमओएफए, मिक्सओमिक्स ही मोफत मिळणारी चांगली साधनं आहेत, पण तीही एकाच सॅम्पलवर केलेली वेगवेगळी मोजमापं धरूनच चालतात. तुझ्याकडे ती नाहीत.

मग इंटिग्रेशन होणारच नाही का? होईल, पण प्रश्न विचारून. ‘सगळं जोडायचं’ हा प्रश्न झाला नाही. ‘डब्ल्यूआर ३१५ मध्ये चौथ्या दिवशी मेडिकार्पिन वाढतं का, आणि वाढत असेल तर फॉर्मोनोनेटिनपासून मेडिकार्पिनपर्यंतच्या वाटेवरच्या एन्झाइमांची जनुकं त्याच दिवशी किंवा आधी चढलेली दिसतात का?’ हा प्रश्न झाला. मेडिकार्पिन आणि माकियाइन ही हरभऱ्याची बुरशीविरोधी अस्त्रं म्हणून आधीपासून ठाऊक आहेत, त्यांची वाटही माहीत आहे. इथे दोन्ही डेटांचं विश्लेषण स्वतंत्रपणे करायचं आणि निष्कर्ष शेजारी ठेवायचे. अठ्ठावीस हजार जनुकांऐवजी तू दहा-पंधराच तपासतेस, त्यामुळे योगायोगाला वावच कमी राहतो. असे तीन-चार प्रश्न वहीत लिही. ते लिहून होईपर्यंत लॅपटॉप बंद ठेवलास तरी चालेल.

आता कामाला. सगळ्यात आधी सॅम्पलचा एकच तक्ता कर, एका सॅम्पलला एक ओळ. त्यात वाण, दिवस, रेप्लिकेशन, कुंडीचा नंबर, लॉट, मुळं काढल्याची तारीख, आरएनए काढल्याची तारीख, कोणी काढलं, कंपनीने दिलेलं नाव, फाइलचं नाव. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते तूच करायचं आहे, ज्युनियरला देऊ नकोस. काय काय भरायचं ते सुचत नसेल तर एनसीबीआय या अमेरिकी जैव-माहिती केंद्राचा बायोसॅम्पलचा वनस्पतींसाठीचा फॉर्म उघड. वाण, ऊतक, वय किंवा वाढीची अवस्था, ठिकाण हे रकाने त्यात असतातच. पुढे पेपर पाठवताना तो फॉर्म भरावाच लागतो, मग आत्ताच भर. फरिदाबादला नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये डेटा ठेवायचा झाला, तरी हाच तक्ता कामाला येतो.

या तक्त्यात घाण कशी शिरते ते जवळून दाखवते. कंपनीने तुझ्या सॅम्पलना एस१ ते एस१८ अशी नावं दिली असतील. संगणक ती अक्षरांच्या क्रमाने लावतो: एस१, मग एस१०, एस११, असं एस१८ पर्यंत, आणि त्यानंतर एस२. तुझ्या वहीत मात्र १, २, ३. दोन्ही शेजारी-शेजारी पेस्ट केलेस की पहिली ओळ बरोबर जुळते, आपण खूश होतो, आणि दुसऱ्या ओळीपासून सगळं चुकलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे एस०१, एस०२ अशी नावं देणं. त्याहून मोठा उपाय म्हणजे पेस्ट करून कधीच न जोडणं. जोडायचं ते नावाच्या रकान्यावरून, आरमध्ये मर्ज किंवा लेफ्ट जॉइन वापरून. जनुकांच्या मोजणीची तुलना करणाऱ्या डीईसेक२ या आरच्या पॅकेजला काउंटचे (म्हणजे मोजणीचे) रकाने आणि सॅम्पलच्या ओळी एकाच क्रमात लागतात, आणि तुझ्या मनातला क्रम ओळखायची जबाबदारी ते घेत नाही.

गाइडच्या एक्सेलमध्ये प्लॉटचे नंबर ‘३-४’ असे लिहिलेले असतील, तिसरं रेप्लिकेशन, चौथा प्लॉट. एक्सेल त्याचं ३ एप्रिल करतं. प्लॉटला ‘२ई४’ असं नाव दिलं असेल तर त्याचे वीस हजार होतात. वाणांच्या रकान्यात ‘जेजी ६२’, ‘जेजी-६२’, ‘जेजी६२’ आणि शेवटी एक अदृश्य स्पेस असलेला ‘जेजी ६२ ’ हे चौघे निरनिराळे वाण म्हणून नांदत असतील, पैज लावते. माणसाच्या जनुकांची हीच गत झाली होती. सेप्ट२ नावाच्या जनुकाचं २ सप्टेंबर आणि मार्च१ चं १ मार्च होत असे. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडणाऱ्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असे घोटाळे सापडले. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली, सेप्टचं सेप्टिन केलं. एक्सेलने ही आपोआप बदलाबदल बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. म्हणून गाइडची मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेव, तिला हात लावू नकोस, आणि दुरुस्त्या आरच्या स्क्रिप्टमध्ये कर, म्हणजे काय बदललं ते दिसत राहील.

एका ओळीच्या सरकण्याने काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने जनुकांवरून कर्करोगाच्या औषधांचा परिणाम आधीच सांगता येतो असा दावा केला होता. एम. डी. अँडरसन केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी त्यांचा डेटा उकरून काढला आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या, काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची लेबलं उलटी लागली होती. तोवर त्या दाव्याच्या भरवशावर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. पुढे पेपर मागे घेतले गेले आणि चौकशीत गैरप्रकारही सिद्ध झाले. पण आपल्यासाठी लक्षात घ्यायचं ते असं, की ओळ सरकली तेव्हा एकाही सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही.

आता तुझी चार तऱ्हेची नावं. एकच शेतकरी सातबाऱ्यावर एका नावाने, रेशनकार्डावर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या नावाने असतो, तसं हे आहे. मूळ काबुली जीनोमच्या प्रकाशनात जनुकांची नावं ‘सीए_’ने सुरू होतात. एनसीबीआयने त्याच जीनोमवर स्वतः जनुकं शोधून त्यांना ‘एलओसी’ आणि पुढे आकडा अशी नावं दिली. देशी हरभऱ्याचा, आयसीसी ४९५८ चा, जीनोमही २०१३ मध्येच दिल्लीच्या वनस्पती जीनोम संस्थेतून आला, त्याची नावं आणखी निराळी. आणि अॅरॅबिडॉप्सिस या संशोधनात नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या रोपाच्या जनुकांशी जुळवून घेतलेली ‘एटी’ची नावं ही चौथी तऱ्हा.

माझा सल्ला: एनसीबीआयचे ‘एलओसी’ क्रमांक हा कणा धर. कारण व्यावहारिक आहे. केईजीजी या डेटाबेसमध्ये हरभऱ्याचे पाथवे (रसायनं बनण्याच्या वाटांचे नकाशे) एनसीबीआयच्याच जनुक क्रमांकांवर बसवलेले आहेत, तेव्हा तिथे थेट जाता येतं, अॅरॅबिडॉप्सिसचा वळसा पडत नाही. तो वळसा शक्यतो टाळच. हरभऱ्याच्या तीन जनुकांचं उत्तर अॅरॅबिडॉप्सिसमधलं एकच जनुक असतं, आणि मेडिकार्पिनसारखी कडधान्यांची खास रसायनं तर तिथे नाहीतच. ज्या वाटेवर तुझा मुख्य प्रश्न आहे, तीच वाट नकाशावर नसेल तर काय उपयोग?

जुन्या पेपरांतली ‘सीए_’ची जनुकं ‘एलओसी’शी जुळवायची तर नावावरून नाही, जागेवरून जुळव. एकच जीनोम, एकच आवृत्ती असेल तर गुणसूत्रावरची जागा तीच असते. इथे दोन खड्डे आहेत. एक, गुणसूत्राचं नाव: मूळ फाइलीत ‘सीए१’, तर एनसीबीआयच्या फाइलीत ‘एनसी_०२११६०’. न बदलता जागा जुळवणारं बेडटूल्स चालवलंस तर निकाल रिकामा येतो. तो रिकामा आला तर बरंच, निदान कळतं तरी. दुसरा खड्डा आवाज करत नाही: जागा लिहिण्याच्या दोन पद्धतींपैकी जीएफएफ फाइल मोजणी १ पासून करते, बेड फाइल ० पासून. आणि जीनोमच्या पुढे सुधारित आवृत्त्या आल्या आहेत, त्यांत जागा सरकल्या. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावातच आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख घाल.

जोडताना दर वेळी चार आकडे लिहून ठेव. आधी ओळी किती होत्या, जोडल्यावर किती झाल्या, किती गळाल्या, किती दुणावल्या. एका ‘सीए_’ला दोन ‘एलओसी’ जुळले की ओळ दुणावते आणि तेच जनुक पुढे पाथवेच्या हिशेबात दोनदा मोजलं जातं. व्हायवाला कोणी विचारलं तर हे चार आकडे दाखव.

रसायनांच्या फाइलीत तर नावांवर अजिबात विश्वास ठेवू नकोस. बायोकॅनिन ए, कॅलिकोसिन आणि प्रुनेटिन या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, म्हणून द्रव्यमानही एकच. यंत्राने नुसत्या द्रव्यमानावरून ‘कॅलिकोसिन’ लिहिलं असेल, तर ते हरभऱ्यात मुबलक असणारं बायोकॅनिन ए असायची शक्यता मोठी. त्या संस्थेला फोन करून विचार, कुठली ओळख शुद्ध नमुन्याशी ताडून केली आहे, कुठली फक्त लायब्ररीवरून. पहिल्या प्रकारची पंचवीस रसायनं मिळाली तरी थीसिसला पुरतात.

आणखी एक, ज्यात मला तुझ्या कामातली खरी मजा दिसते. चौथ्या आणि आठव्या दिवशीच्या जेजी ६२ च्या मुळात हरभरा एकटा नसतो, फ्युजेरियम, म्हणजे मरची बुरशी, आत वाढत असतं. त्या सॅम्पलमधले कमी रीड (सीक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) हरभऱ्याच्या जीनोमवर बसले, तर कंपनीशी भांडू नकोस. उरलेले रीड बुरशीच्या जीनोमवर बसवून बघ. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचा टोमॅटोवरच्या वंशाचा जीनोम २०१० पासून उपलब्ध आहे. प्रत्येक सॅम्पलमध्ये बुरशीचे रीड किती टक्के, हा एक आकडा म्हणजे रोग किती आत गेला याचं तुझ्याच नळीतलं मोजमाप. मास स्पेक्ट्रोमेट्रीत फ्युजेरिक ॲसिड दिसलं, तर ते बुरशीने बनवलेलं असतं. हरभऱ्याच्या पाथवेत शोधत बसलीस तर त्याचं जनुक कधीच सापडणार नाही. दोन डेटा जोडण्याची सगळ्यात भक्कम जागा कदाचित हीच आहे.

एसआरएचा डेटा तुझ्या डेटात मिसळू नकोस. २०१४ मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या ऊतकांची तुलना करणारा एक गाजलेला पेपर आला: ऊतकं ऊतकांशी जुळण्याऐवजी प्राण्याप्रमाणे जुळतात असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी शिकागोच्या योआव गिलाड आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने यंत्रातून येणाऱ्या मूळ फास्टक्यू फाइलींतल्या रीडच्या नावांवरून कुठलं सॅम्पल कुठल्या यंत्रावर, कुठल्या लेनमध्ये (यंत्राच्या कप्प्यात) गेलं ते काढलं. माणसाचे आणि उंदराचे सॅम्पल बहुतेक वेगवेगळ्या बॅचमध्ये (एकत्र चालवलेल्या गटांत) होते. बॅचचा हिशेब धरल्यावर ऊतकं ऊतकांशी जुळली. तुझी एक फास्टक्यू उघड, पहिली ओळ वाच: यंत्र, फ्लोसेल, लेन, सगळं तिथे लिहिलेलं असतं. अठराही फाइलींचं तक्त्यात उतरवून घे. जेजी ६२ चे नऊ एका लेनमध्ये आणि डब्ल्यूआर ३१५ चे नऊ दुसऱ्या लेनमध्ये निघाले, तर आजच कळलेलं बरं. एसआरएवर मात्र ही नावं बऱ्याचदा पुसलेली असतात. शिवाय मरच्या या बुरशीच्या आठ रेस (उपप्रकार) नोंदल्या गेल्या आहेत, त्या गटाने कुठली वापरली ते बघ. त्यांचा डेटा वेगळा चालव आणि फक्त विचार, माझी दहा-पंधरा जनुकं त्यांच्याकडेही त्याच दिशेला गेली का.

साधनांचं आता थोडक्यात. रीडपासून काउंटपर्यंत गॅलेक्सी. युरोपचा सर्व्हर फ्रायबुर्गहून चालतो, मोफत आहे, एसआरएचा क्रमांक दिला की फाइल थेट तिथेच उतरते, हॉस्टेलचं नेट जळत नाही. प्रत्येक पायरीची आवृत्ती आणि सेटिंग हिस्टरीत राहते, तिचा वर्कफ्लो काढून ठेव. काउंटनंतर सगळं आरमध्ये. पायथन चांगलंच आहे, पण तुझ्याकडे वर्ष-दीड वर्ष उरलंय आणि तुला लागणारी बहुतेक पॅकेजं बायोकंडक्टर या आरच्या संग्रहावर आहेत. सीनियरला सांग, पोस्टडॉकला शिकते.

राहिले गाइड आणि ग्रँट. त्यांना सॉफ्टवेअर नको असं म्हणू नकोस, त्यापेक्षा मोठी मागणी कर. एकच नवी लॉट, तेच दोन वाण, फक्त चौथा दिवस. या वेळी एका रेप्लिकेशनला पाच-सहा रोपांची मुळं एकत्र घ्यायची, लिक्विड नायट्रोजनमध्ये दळायची, आणि तीच भुकटी दोन नळ्यांत वाटायची: एक आरएनएला, एक रसायनांना. रेप्लिकेशन तीनऐवजी सहा, आणि दोन्ही वाण प्रत्येक लेनमध्ये सारखे वाटून द्यायला कंपनीला लेखी सांगायचं. कोटेशन दोन्ही ठिकाणांहून याच आठवड्यात मागव. मार्चअखेर बिल पाहिजे असेल तर अकाउंट्स सेक्शनला फेब्रुवारीत कागद पोचलेला लागतो, हे मला सांगायला नकोच.

— ताई